शिंपल्यांची वाट

किनाऱ्यालगतच्या पाणथळ जागांची पाहणी करणाऱ्या खात्यात एक बाई होती. तिचा हुद्दा लांबलचक होता, पण कचेरीत तिला सगळे चिखलताई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. नोकरीची निम्मी वर्षं गमबुटात गेली होती. बाकीची निम्मी ते बूट धुण्यात गेली, असं ती स्वतःच सांगायची.

तिचं काम म्हणजे बहुतेक वेळा नसलेल्या गोष्टी शोधायला जायचं आणि परत येऊन ‘आढळली नाही’ असं लिहायचं. सुरुवातीला ती दर वेळी हिरमुसायची. मग मनाला वळण लागलं. कुणी फोन करून अमुक पक्षी दिसला, तमुक झाड सापडलं असं कळवलं की ती ‘बघू’ म्हणायची आणि खरोखर फक्त बघायलाच जायची. आशाबिशा घरी ठेवून.

आंबटगुलाबीबद्दलचा फोन आला तेव्हाही तिने तेच केलं.

आंबटगुलाबी हे लोकांनी ठेवलेलं नाव. समुद्राजवळच्या ज्या दलदलीत माती आंबट असते, पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस असतं आणि शेवाळ गादीसारखं दाटलेलं असतं, तिथेच हे फूल येतं. जमिनीला चिकटून पानांचं चक्र, मधून एक पोकळ दांडा आणि टोकाला गुलाबी फुलांचा झुबका. जवळून पाहिलं तर त्या गुलाबीत निळे ठिपके दिसतात, ते परागकोश. वास जेमतेम. बागेतल्या खतावलेल्या मातीत ते मरतं, नळाच्या पाण्याने मरतं. जिला आपण चांगली जमीन म्हणतो ती त्याला अजिबात मानवत नाही. त्या किनारपट्टीवर ते दिसल्याची शेवटची नोंद चिखलताई नोकरीला लागली त्या सुमाराची होती.

फोन करणारे गृहस्थ बोटी दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. घरामागच्या जागेत आंबटगुलाबी फुललीय, सरकारने येऊन बघावं, असं त्यांचं म्हणणं. कचेरीने मनावर घेतलं नाही तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला, आणि मग रोजच करायला लागले. साहेबांच्या डोक्याला ताप झाला.

“एकदा जाऊन या,” साहेब चिखलताईला म्हणाले. “फूल असो नसो, फोन तेवढा थांबवा.”

मिस्त्रींची शेड वस्तीच्या टोकाला, खाडीच्या कडेला होती. वर पत्रा, आत लाकडी ठोकळ्यांवर पालथी घातलेली बोट, राळेचा आणि डिझेलचा वास. बोटीची डागडुजी अर्धवट होती आणि बरेच दिवस अर्धवटच असावी, कारण तिच्या बुडावर धुळीचा थर होता आणि थरावर मांजराची पावलं उमटली होती. शेडला लागून घर, आणि घरामागे उताराने खाली गेलेली मोठी थोरली पाणथळ जागा.

मिस्त्री दारातच उभे होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. कमरेत थोडे वाकले होते, पण हात अजून दोरखंडासारखे पिळदार. मागे त्यांची सून उभी होती. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला, वर्षातून एक-दोनदा घरी यायचा. एरवी घरात सासरा आणि सून, दोघंच. सून मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात जायची. त्या दिवशी तिने रजा टाकली होती. पाहुणे येणार म्हणून टाकली असेल, असं चिखलताईला वाटलं.

चहा मागाहून, आधी फूल, असं मिस्त्रींनीच ठरवून टाकलं आणि ते पुढे निघाले. खाली जायला पांढरीशुभ्र, टणक वाट होती. दोन्ही बाजूंना चिखल, पण वाटेवर बुटांना ओल लागत नव्हती.

“ही वाट मी केलेली,” मिस्त्री म्हणाले. “बायकोसाठी. सगळे शिंपले आहेत, कुटून घातलेले.”

आणि चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. बायको लग्न होऊन घरात आली तेव्हा मागचा सखल भाग आंबटगुलाबीने भरलेला असायचा. ती मोसमात रोज अनवाणी खाली जायची, पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन परत यायची आणि आज किती वाढली ते सांगायची. तोडायची मात्र कधी नाही. मग तिचा खुबा गेला. चिखलात पाय टाकणं जमेना. मिस्त्रींनी एक अख्खा हिवाळा किनाऱ्यावरून बोटी भरभरून शिंपले आणले, घणाने फोडले आणि तिच्यासाठी थेट फुलांपर्यंत वाट बांधली. ती काठी टेकत त्यावरून गेली, काही वर्षं जात राहिली. पण फुलं विरळ होत गेली, आणि एका वर्षी आलीच नाहीत.

“आधी फुलं गेली, मग ती गेली,” मिस्त्री म्हणाले. एखादी बोट कुठून गळायला लागली हे सांगावं तसं.

त्यानंतरची गोष्टही त्यांनी लपवली नाही. एका शीतगृहवाल्याने ही जागा मागितली होती. मुलाचं म्हणणं, देऊन टाका, या वयात घण उचलत बसण्यापेक्षा आमच्याबरोबर शहरात चला. मिस्त्रींनी बरेच दिवस टोलवलं आणि एकदा वैतागून म्हणून बसले की तिथे आता राहिलंय काय, घाला भर. कागद तयार झाले, सही तेवढी बाकी राहिली. आणि नेमकी या मोसमात आंबटगुलाबी परत आली.

“आता मी सही करत नसतो,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त लिहून द्या, ती इथली आहे म्हणून.”

वाट संपते तिथे झुडपाच्या आडोशाला ती होती. पाच-सहा गड्डे, प्रत्येकावर गुलाबी झुबका, निळे ठिपके सगळे जागच्या जागी. इतक्या वर्षांनी ते फूल पुस्तकात नाही, समोर होतं. चिखलताई सवयीने गुडघे टेकून बसली आणि बघायला लागली.

जरा वेळाने तिला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. दलदलीत पाणी मुरणारच, पण हे वेगळं होतं. गड्ड्यांभोवतीच्या शेवाळाचा एक तुकडा उलटा बसला होता, वर तपकिरी आणि खाली हिरवा. बोटाने माती उकरली तर वरची काळी आणि तंतूंची, खालची करडी आणि वाळूमिश्रित. पानं एका दिशेला वळलेली होती, पण ती दिशा उजेडाची नव्हती. तिने पिशवीतून पेनासारखं एक यंत्र काढलं, पाण्याचा आंबटपणा मोजायचं, आणि डबक्यात बुडवलं. पाणी आंबट नव्हतंच. जवळजवळ नळाच्या पाण्यासारखं होतं.

मिस्त्री तिच्या डोक्यावर उभे राहून आनंदाने बघत होते. सून चार पावलं मागे होती आणि फुलांकडे न बघता चिखलताईच्या हातांकडे बघत होती.

चिखलताईने फोटो काढले, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि सगळं तपासून कळवते म्हणाली. चहा घेतला. मिस्त्रींना शेडमधून कुणीतरी हाक मारली तेव्हा ती अंगणातल्या नळाखाली बूट धुवायला गेली. सून बादली घेऊन आली.

“कधी लावलीत?” चिखलताईने विचारलं.

सुनेने बादली खाली ठेवली. नाही म्हणून पाहावं असं तिला वाटलं असणार, पण तिने तसं केलं नाही.

“कळ्या होत्या तेव्हा. बाबा कारखान्याच्या गाडीतून शहरात डोळे दाखवायला गेले होते त्या दिवशी.” मग म्हणाली, “शेवाळ उलटं लागलं ना एका जागी? नंतर माझ्या लक्षात आलं, पण तोवर ते तिथे जाऊन बसलेसुद्धा होते.”

पुढचं तिने बादलीकडे बघत सांगितलं. सासूबाई गेल्यापासून बाबांनी कामच टाकलं होतं. शेडमध्ये जायचे, बोटीशेजारी बसायचे, परत यायचे. मोसम आला की मात्र रोज खाली जाऊन बघायचे. मागल्या वर्षी असेच बघून आले आणि दोन दिवस ताटावर बसले नाहीत. तिला ते बघवलं नाही. फूल कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. उलथन्याने काढलं, डब्यात घालून आणलं. बघतील, खूश होतील, मोसम संपेल, असा तिचा साधा हिशेब.

“ते सरकारला फोन करत सुटतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं,” ती म्हणाली. “आणि सही थांबवतील हे तर नाहीच. नवऱ्याला मी काय तोंड दाखवू?”

चिखलताई थोडी हसली. मग तिने साध्या शब्दांत परिस्थिती सांगितली. फुलं इथली आहेत असं तिला लिहिता येणार नव्हतं. हे झाड उपटणं हाही गुन्हाच होता, पण पाच-सहा गड्ड्यांसाठी कुणाच्या मागे लागायची तिला हौस नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ती फुलं आली कुठून.

सुनेने नळ घट्ट पिळून पाहिला. नळ टपकत राहिला. शेवटी तिने अर्धंच सांगितलं: जिथून आणली ती जागा कारखान्याची आहे. तिथे माल चढवायचं नवीन आवार होणार आहे. नवं आवार म्हणजे नव्या लोकांना काम. तिच्या मावसबहिणीचंही नाव त्यात होतं. जागा सांगितली आणि काम अडलं, तर कुणी सांगितलं हे शोधायला कारखान्यात फार वेळ लागणार नाही.

“मी उद्या दुपारपर्यंत इथे आहे,” चिखलताई म्हणाली, आणि ओल्या बुटांनिशी गाडीत बसली.

ती उतरली होती त्या लॉजच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती समोरच्या भिंतीवर उघडायची. तिथे बसून तिने अहवालाचा मजकूर तयार केला. ‘सदर ठिकाणी नैसर्गिक वाढ आढळली नाही.’ हे वाक्य तिने इतक्यांदा लिहिलं होतं की हात आपोआप चालला. पण या वेळी वाक्य पुरं झालं तरी ते पुरं झालंय असं वाटेना. फूल कुठेतरी होतं. एका बाईच्या पोटात त्याचा पत्ता होता आणि तो न सांगायला तिच्याकडे चांगली कारणं होती. चिखलताईने स्वतःला समजावलं की हे आपल्या हातात नाही. हे समजावणंही तिच्या सवयीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सूनच लॉजच्या दारात उभी. अंगावर कारखान्याचा झगा, केसांची जाळी खिशात कोंबलेली, खाऱ्या पाण्याचा वास.

“चला,” ती म्हणाली. “जेवणाची सुट्टी आहे तेवढ्यात दाखवते.”

दोघी कारखान्याच्या मागून गेल्या. तुटके क्रेट, गंजलेली रूळगाडी, आणि कुंपणापलीकडे झुडपांच्या रानातून उतरत येणारा एक रुंद चर. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. चराच्या दोन्ही काठांवर, मध्ये शेवाळाची बेटं झाली होती त्यांवर, क्रेटच्या फटींतून, प्लॅस्टिकच्या फाटक्या पिंपाच्या पोटात, सगळीकडे आंबटगुलाबी होती. मोजता येणार नाही इतकी. कामगार रोज इथे विड्या ओढायला यायचे आणि थोटकं त्यातच टाकायचे. फूल म्हणून कुणी त्याची दखल घेतलेली नव्हती. गुलाबी गवत, एवढंच.

चिखलताई एका पालथ्या क्रेटवर बसली. सुनेला वाटलं बाईंना चक्कर आली.

“पाणी देऊ?”

“नको. बसू दे जरा.”

तिने यंत्र बुडवलं. पाणी आंबट होतं, जितकं असायला हवं तितकं. तिने आकडा लिहून घेतला आणि मग तोच आकडा परत एकदा लिहिला.

“तुमचं नाव कुठे येणार नाही,” ती सुनेला म्हणाली. “आंबट पाणी कुठे उरलंय ते शोधत मी या चरापर्यंत आले, असं लिहीन. ते मी शोधायला हवंच होतं, तेव्हा पुरतं खोटंही नाही.”

“आणि आवार?”

“ते मी ठरवत नाही. चर पाइपात घालता येणार नाही, एवढं नक्की. बाकी तुमचे साहेब आणि आमचे साहेब बघतील.”

सुनेने मान हलवली. भोंगा झाला तशी ती जाळी डोक्यावर चढवत निघून गेली.

एक काम राहिलं होतं. अहवालाची प्रत मिस्त्रींना जाणारच होती, आणि छापील वाक्यातून त्यांना ते कळावं हे चिखलताईला पटेना. ती परत शेडवर गेली. मिस्त्री बोटीच्या बुडावर घासकागद चालवत होते. मांजराची पावलं पुसली गेली होती. त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढे केलं.

फुलं तिथली नाहीत, आणून लावलेली आहेत, असं तिने सांगितलं. कुणी लावली ते सांगितलं नाही. पण घरात माणसं दोनच होती.

मिस्त्री चिडतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते लाल झाले, लहान मुलाचं खोटं चारचौघांत पकडल्यावर आईबाप होतात तसे.

“बरं,” ते म्हणाले. “आता लावलीच आहेत तर जगतील?”

“नाही.”

“का नाही? आधी जगत होती ना इथे. माती तीच, पाणी तेच.”

तिला इथे थांबता आलं असतं. ‘हवामान बदललंय’ म्हणता आलं असतं, तसं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. पण प्रश्न सरळ होता, आणि नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी होतं.

“पाणी तेच राहिलेलं नाही,” ती म्हणाली. “या झाडाला आंबट पाणी लागतं. शिंपले म्हणजे चुना, मिस्त्री. चुना पाण्यात उतरतो आणि आंबटपणा मारतो. वाट केलीत त्यानंतर हळूहळू सगळ्या सखल भागाचं पाणी बदललं.”

मिस्त्रींनी घासकागद खाली ठेवला. शेडच्या मागच्या दारातून वाटेचा वरचा तुकडा दिसत होता, उन्हात पांढरा. ते तिकडे बघत होते.

“म्हणजे मीच.”

“हो.”

“तिला तिथवर जाता यावं म्हणून केली होती.”

“हो,” चिखलताई म्हणाली.

खाडीत भरती चढत होती, शेडच्या खांबांना पाणी थोपटत होतं. मग मिस्त्रींनी विचारलं, शिंपले काढले तर पाणी परत फिरेल का. तिने खरं ते सांगितलं: ठाऊक नाही. फिरलंच तर वेळ लागेल. किती, तेही ठाऊक नाही.

जाताना तिने खालचे गड्डे मुळांसकट उचलले आणि त्या दुपारी चराच्या काठी परत लावले.

पुढचं तिला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, काही सुनेच्या फोनवरून, काही पुढच्या खेपांना. मिस्त्रींनी सुनेशी अबोला धरला. जेवायला बसायचे, मीठ हवं असेल तर उठून स्वतः घ्यायचे. तुम्ही खूश व्हावं म्हणून केलं हो बाबा, असं सून म्हणाली तेव्हा ते ताट अर्धवट टाकून शेडमध्ये गेले. तिला रडू फुटलं, नवऱ्याला तिने जहाजावर फोन लावला, आणि नवऱ्याने उलट तिलाच झापलं. ते दिवस घरात वाईट गेले.

अबोला सुटला तो समजुतीने नाही, हातगाडीने. मिस्त्रींनी पहार आणि फावडं घेऊन वाट खणायला सुरुवात केली होती. भरलेली गाडी चढावर एकट्याने ढकलवेना. ते मध्यावर अडकले, गाडी मागे येऊ लागली, तेव्हा कामावरून येत असलेली सून धावली आणि तिने दुसरी बाजू धरली.

“सोडू नकोस,” मिस्त्री म्हणाले. कित्येक दिवसांत ते तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

“नाही सोडत,” ती म्हणाली.

वर पोचल्यावर गाडीत फार भरू नका असं तिने त्यांना सुनावलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यानंतर ती कामावरून आली की दोघं मिळून गाड्या ओढायचे. वरच्या आवारात शिंपल्यांचा ढीग वाढत गेला.

मुलगा रजेवर आला तेव्हा त्याला वाटलं वडिलांचं डोकं फिरलंय. विकायला काढलेल्या जागेतून हे शिंपले काय काढताहेत? त्याने बापाला समजावून पाहिलं, बायकोशी भांडून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. मग सुनेनेच मधला मार्ग काढला. शीतगृहवाल्याला खरं तर रस्त्याला लागून असलेली कोरडी पट्टीच हवी होती. दलदलीत भर घालण्यापायी त्याचेही नाकी नऊ येणार होते. पट्टी त्याला दिली, सखल भाग ठेवला. मिस्त्रींनी सही केली. शहरात जायचा विषय पुढच्या रजेवर ढकलला गेला आणि तिथेच राहिला.

कारखान्याचं प्रकरण लांबलं. त्यांच्या साहेबांनी गुलाबी गवतासाठी कामं अडवता काय म्हणून वर तक्रार केली. चिखलताईला दोनदा मुख्य कचेरीत उभं राहून तेच आकडे वाचून दाखवावे लागले. अखेर आवार दुसऱ्या बाजूला, छोटं झालं. चराला कुंपण पडलं. मावसबहिणीला काम मिळालं नाही, आणि तिने सुनेशी बोलणं टाकलं. तिला संशय होता, पुरावा नव्हता. सुनेने खुलासा केला नाही. ही एक गोष्ट आहे जी नीट झाली नाही आणि पुढेही होईलसं दिसत नव्हतं.

चिखलताई दर मोसमात येत राहिली. वाटेच्या जागी आता नुसता लांबट खळगा होता आणि त्यात तांबूस पाणी साठायला लागलं होतं. पहिल्या वर्षी यंत्राचा आकडा हलला नाही. दुसऱ्या वर्षी हलला, अगदी थोडा. तेव्हा तिने खात्याची रीतसर परवानगी काढली, कारखान्यामागच्या कुंपणातल्या झाडांचं बी गोळा केलं आणि मिस्त्रींच्या सखल भागात शेवाळावर पसरलं. बी धुळीइतकं बारीक असतं. वारा पडायची वाट बघावी लागली. मिस्त्रींनी विचारलं, फूल कधी येईल. बी रुजलं तरी फूल यायला कैक वर्षं लागतात, असं तिने सांगितलं.

“म्हणजे मला नाही दिसायचं.”

“बहुतेक नाही.”

मिस्त्रींनी मान डोलवली आणि गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणून शेडकडे गेले. त्या वर्षी त्यांच्याकडे तीन बोटी होत्या.

त्यानंतरच्या मोसमात ती गेली तेव्हा सून खालीच होती, चिखलात फळी टाकून, तिच्यावर पालथी पडून शेवाळ निरखत. काहीतरी आहे, पण ते तेच आहे की दुसरं काही, हे तिला ठरवता येत नव्हतं. चिखलताई तिच्या शेजारी आडवी झाली, भिंग लावून बघितलं. शर्टाच्या गुंडीएवढी पानांची चक्रं होती. तीन, मग बारकाईने पाहिल्यावर आणखी एक.

“तीच आहे,” ती म्हणाली.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांना उभ्याने काही दिसेना, तेव्हा तेही फळीवर पालथे झाले. चिखलताईने भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं. ते खूप वेळ बघत राहिले. एवढुशी, म्हणाले, आणि पुन्हा बघायला लागले. मग उठायला गेले तर कंबर धरली. ना पुढे ना मागे. सुनेने एक बगल धरली, चिखलताईने दुसरी, पण दोघींचे पाय चिखलात रुतत होते आणि ओढायला गेल्या की आणखी रुतायचे.

“बोट असती तर क्रेनने उचलली असती,” मिस्त्री फळीवर गाल टेकूनच म्हणाले.

सुनेला हसू फुटलं, तिचं बघून चिखलताईला. हसण्यात हात सुटले आणि मिस्त्री परत फळीवर. ते स्वतःही हसत होते, खांदे हलत होते. शेवटी सून घरी जाऊन शेडमधला दोर घेऊन आली.